गव्हावाचून एक पंगत

गव्हाच्या पिठाची घट्ट कणीक मळावी, ती अर्धा तास झाकून ठेवावी आणि मग तो गोळा पातेल्यातील पाण्यात धरून हलक्या हाताने चुरत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होते. ते ओतून नवे घ्यावे. असे अनेकदा केले म्हणजे पाणी जवळजवळ नितळ राहू लागते आणि हाती करड्या-पिवळट रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा एक चिवट गोळा उरतो. पाण्याबरोबर गेले ते पिष्ट. हाती राहिले ते ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बेकारी यांनी हा प्रयोग १७२८ साली विद्वानांपुढे मांडला व १७४५ साली तो छापून प्रसिद्ध झाला. कोणत्याही शाळेत तो तासाभरात करून पाहता येईल. ज्वारीच्या, तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर हाती काहीच उरत नाही. सारा गोळा पाण्यात विरून जातो.

पोळी फाटल्यावाचून लाटता येते, पाव फुगून तसाच राहतो, शेवई लांबच लांब ओढता येते, ते सारे या चिवट द्रव्याच्या बळावर. आणि काही थोड्या माणसांच्या आतड्याला नेमके हेच द्रव्य सोसत नाही.

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाचा रस्ता आणि बाह्य वर्तुळमार्ग जेथे एकमेकांस छेदतात, तेथे मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे. आज त्याच्या आसपास संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली माणसे राहतात. मराठी माणसाला बंगळूर काही नवे नाही. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांचा मुक्काम येथे पडला, तेव्हापासूनचा हा संबंध आहे. मारतहळ्ळीत राहणारे असेच एखादे मराठी कुटुंब वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. आईवडील, दहा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सोलापूरकडून आलेली आजी. मुलाची उंची दोन वर्षांत जेमतेम वाढली आहे, पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काटकुळे, चेहरा फिकट. वारंवार जुलाब होतात. लोहाची औषधे महिनोन्महिने देऊनही रक्त भरत नाही. जंत झाले असतील, पाणी मानवले नसेल, मूल खायला कुरकुरे आहे, असे सर्व तर्क करून झाल्यावर एक डॉक्टर रक्ताची निराळी तपासणी करायला सांगतात, पुढे आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहिला जातो, आणि निदान ठरते: सीलिअ‍ॅक रोग. औषध काही नाही. गहू आणि त्याचे जातभाई जन्मभर वर्ज्य.

डॉक्टरांचे काम येथे बरेचसे संपते, आणि आईचे व आजीचे सुरू होते.

आजाराचा शोध

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक वैद्य अरेटियस यांनी अन्न न पचता वाहून जाण्याच्या एका जुनाट व्याधीचे वर्णन केले होते. लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली मुलांतील या व्याधीचे नीटस वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी अचूक ओळखले; परंतु आहारातील कोणता पदार्थ दोषी, ते त्यांना सांगता आले नाही. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि मुले सुधारली. श्रेय अर्थातच केळ्यांना मिळाले. केळी देताना पाव बंद केला होता, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते: जे दिले त्याचा गवगवा होतो, आणि जे काढून घेतले ते विसरले जाते.

ते लक्षात घेतले हॉलंडमधील हेग येथील मुलांच्या रुग्णालयातील डॉ. विलेम कारेल डिके यांनी. पाव बंद केला की काही मुले सुधारतात, असे त्यांना युद्धापूर्वीच दिसू लागले होते, आणि १९४१ साली त्यांनी गहूविरहित आहाराविषयी लिहिलेही. मग १९४४-४५ चा तो भयंकर हिवाळा आला. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये अन्न जवळजवळ संपले. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कांदेसुद्धा शिजवून खाल्ले. सर्वत्र मुले खंगत असताना या व्याधीची मुले मात्र पावावाचून ठीक होती, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध उत्रेख्त विद्यापीठास सादर केला. त्यानंतर १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पीठ धुऊन पिष्ट आणि ग्लुटेन वेगळे केले, व रोगी मुलांना आळीपाळीने देऊन पाहिले. पिष्टाने काही झाले नाही. ग्लुटेनने जुलाब परत आले. बेकारी यांचा पातेल्यातील प्रयोग दोन शतकांनी असा कामी आला.

आतड्यात काय घडते, हे त्यानंतर हळूहळू उलगडत गेले. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवीसारखे असंख्य रसांकुर असतात आणि त्यांच्याद्वारे अन्नरस रक्तात शोषला जातो. ग्लुटेनमधील प्रथिनांत प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल फार असल्यामुळे पाचकरस त्यांचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. अर्धवट राहिलेले हे तुकडे बहुतेकांच्या आतड्यातून निरुपद्रवीपणे पुढे जातात. परंतु ज्यांच्या पेशींवर एक विशिष्ट आनुवंशिक खूण आहे, अशांपैकी काहींच्या शरीराला ते शत्रूसारखे भासतात, आणि त्यांच्यावर चालून गेलेली संरक्षक फौज आपल्याच आतड्याची लव सपाट करून टाकते. शरीर या वेळी आपल्याच एका विकराविरुद्ध, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. ते विकर कोणते, ते १९९७ साली ओळखले गेले, आणि तेव्हापासून रक्ताच्या तपासणीने बराचसा उलगडा होऊ लागला. गव्हाची वावडी हा याहून निराळा विकार. त्याची गल्लत येथे करू नये.

दक्षिणेतला गहू

हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, निदान पंजाबचा आहे, दक्षिणेत तो नाही, असा समज बरीच वर्षे होता. त्यात तथ्यांश आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारताच्या तीन भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येस शेकडा ०.८७ आणि दक्षिणेत शेकडा ०.१० जणांस हा रोग आढळला. म्हणजे उत्तरेत ऐंशीत एक, तर दक्षिणेत हजारांत एक. नवल असे की ती आनुवंशिक खूण मात्र उत्तरेतील व दक्षिणेतील लोकांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात, सुमारे तिघांत एकाजवळ, होती. फरक ताटात होता. त्या पाहणीतील उत्तरेकडची माणसे दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होती, आणि दक्षिणेकडची अवघा २५ ग्रॅम.

मारतहळ्ळीच्या घरात मात्र ताट दक्षिणेचे राहिलेले नाही. सकाळी उपमा किंवा पाव, डब्यात पोळीभाजी, चार वाजता बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी. सोलापुरात आजीच्या लहानपणी पोळी ही सणावाराची वस्तू होती व रोजची भाकरी ज्वारीची. एका पिढीत हे उलटे झाले.

बंगळूरच्या खाद्यजीवनातही गहू कसा शिरला, याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच एमटीआर, या प्रसिद्ध उपाहारगृहाने तांदळाऐवजी गव्हाचा रवा वापरून इडली केली, आणि तीच पुढे रवा इडली म्हणून सर्वत्र पसरली, असे ते उपाहारगृह सांगते. एकाच युद्धाने हॉलंडच्या मुलांच्या ताटातून गहू काढून घेतला आणि बंगळूरच्या इडलीत तो आणून घातला! म्हणून ‘दक्षिणी पदार्थ म्हणजे तांदूळ’ हे सूत्र या शहरात भरवशाचे नाही. साधी इडली तांदळाची. रवा इडली गव्हाची. साधा डोसा चालतो. रवा डोसा चालत नाही. उप्पिट्टू, केसरी भात, मद्दूर वडा, मंगळूर बज्जी या सर्वांत रवा किंवा मैदा असतो. मैसूर पाक बेसनाचा म्हणून मूळ कृतीप्रमाणे निर्धोक. होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, निषिद्ध. गोबी मंच्युरियनवर तर मैद्याचे आवरण असते आणि त्यातील सोयाच्या काळ्या रसातही बहुधा गहू असतो.

याहून फसवा शत्रू म्हणजे हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात व डिंकात मिसळून विकला जातो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. सांबार, सार, बिसी बेळे भात, लोणचे, वरणाची फोडणी, सर्वत्र चिमूटभर गहू पोचवणारी ही डबी घरात कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग बाजारात मिळतो, तोच आणावा. ‘माल्ट’ या शब्दाचेही असेच आहे. रागी माल्ट म्हणजे मोड आणलेल्या नाचणीचे पीठ, ते चालते. परंतु डब्यातील पुष्कळ पौष्टिक पेयांतील माल्ट सातूचा, म्हणजे जवाचा असतो, आणि जव हा या बाबतीत गव्हाचा सख्खा भाऊ आहे. राय हा दुसरा. नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत पहिला घटक अनेकदा गव्हाचे पीठच असते. आणि सातारा, सांगली, बेळगावकडे ज्याचे मोठे कौतुक आहे तो खपली गहू कितीही जुना आणि पचायला हलका म्हटला जात असला, तरी तो गहूच. त्यात ग्लुटेन असतेच. नवख्या मराठी गृहिणीने वाचायला शिकावा असा पहिला कानडी शब्द म्हणूनच ‘गोधी’, अर्थात गहू.

किती गहू बाधतो, याचा हिशेब शाळकरी मुलांनीही करावा असा आहे. एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते व तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. बहुतेक रोग्यांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत बाधा होत नाही, ५० मिलिग्रॅम रोज गेले तर आतड्यास इजा होऊ लागते, असे प्रयोगांत दिसले आहे. दहा मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा अडीचशेवा भाग. ताटाच्या कडेला चिकटलेला एक कण. भारतात ज्या पदार्थावर ‘ग्लुटेनविरहित’ असे छापायचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असू नये, असा नियम आहे. असे पदार्थ दिवसात अर्धा किलो खाल्ले तरी भर दहा मिलिग्रॅमचीच पडते, यावरून त्या मर्यादेचे मर्म कळेल.

या हिशेबापुढे ‘मुलासाठी वेगळे, बाकीच्यांसाठी नेहमीचे’ ही सोय टिकत नाही. पोळपाटाच्या खाचांत कणीक असते. चाळणीत असते. मैद्याची भजी तळलेल्या तेलात असते. गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीत तर ती मुठीने असते. म्हणून ज्वारी, नाचणी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या घरघंटीवर दळणे, किंवा जेथे गहू दळतच नाहीत अशी गिरणी शोधणे, हे दोनच खरे मार्ग. पण दुसरे कारण अधिक मोठे आहे. सात वर्षांच्या मुलाला रोज वेगळे ताट वाढले की ते मूल स्वतःला रोगी समजू लागते, आणि बहिणीच्या ताटातील पोळीचा तुकडा ते कधी ना कधी उचलतेच. घरात जे शिजते ते सर्वांनी खावे, आणि आवडीने खावे. असे अन्न शोधणे हाच मारतहळ्ळीच्या त्या घरापुढील खरा प्रश्न आहे.

भाकरीचे शास्त्र

गव्हाच्या पोळीची नक्कल करण्यापासून बहुतेक घरे आरंभ करतात आणि तेथेच निराश होतात. तांदळाचे, मक्याचे, बटाट्याचे पीठ एकत्र करून लाटलेली पोळी तव्यावर जाण्यापूर्वीच तुटते. दोष हाताचा नसतो. धरून ठेवणारे जाळेच नसते. इसबगोलाची टरफले पाण्यात भिजवून पिठात घातली तर त्यांचा बुळबुळीतपणा हे काम काही अंशी करतो व भाकरीचे पीठही लाटता येते. ही युक्ती चांगली आहे, आणि पोळीवाचून ज्यांना जेवल्यासारखे वाटत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी ती ठेवावी. परंतु ज्या पदार्थांना ग्लुटेनची कधी गरजच नव्हती, ते अधिक रुचकर होतात हे उघड आहे. ते आजीला ठाऊक आहेत.

ज्वारीचे पीठ गरम पाण्यात का भिजवतात? पिष्टाचे कण सुमारे ६५ ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेला पाणी शोषून फुगतात व चिकट होतात. हा चिकटपणाच ग्लुटेनची जागा घेतो. ताजे पीठ, कढत पाणी आणि तळव्याने रगडून मळणे, ही भाकरीची तीन सूत्रे एवढ्यासाठीच आहेत. ती लाटत नाहीत, थापतात, कारण ताण पडला की हे पीठ फाटते, दाब मात्र सोसते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात, त्यामुळे वरचा पापुद्रा चटकन सुकून भेगाळत नाही. आणि मग विस्तवावर आतल्या वाफेने ती टम्म फुगते. मालदांडी ज्वारीचे पीठ असेल तर भाकरीला किंचित गोडवा येतो. ज्या आजीच्या भाकरीला घरात ‘गावाकडचे जेवण’ म्हणून बाजूला सारले होते, तीच आता ओट्यापाशी उभी राहून सुनेला आणि मुलालाही थापायला शिकवते. वडिलांची तक्रार पहिले काही दिवस राहते. कचेरीच्या उपाहारगृहात त्यांना पोळी मिळतेच, तेव्हा तिची फार दखल घेण्याचे कारण नाही.

कर्नाटकाचे दान आणखी मोठे आहे. बंगळूरच्या भोवतालचा मुलूख नाचणीचा, इकडच्या भाषेत रागीचा. मंड्याच्या व्ही. सी. फार्मवर लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञाने भारतीय व आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ या नावाच्या जाती काढल्या आणि या पिकाचे उत्पन्न पुष्कळ वाढवले. रागी मुद्दे करताना उकळत्या पाण्यात पीठ घालून लाकडी दांड्याने घोटतात व वाफ देऊन गोळे वळतात. पुन्हा तेच, पिष्ट फुलवण्याचे तत्त्व. मुद्दे चावत नाहीत, साराबरोबर घास गिळतात. मराठी माणसाला हे पहिल्यांदा जड जाते, आणि आजी पहिल्या दिवशी ‘हे कसले जेवण’ असे म्हणेल, तर तिला दोष देता येणार नाही. मुलांना मात्र बोटांनी गोळा तोडण्याची मौज वाटते. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गव्हाच्या कणकेच्या सुमारे दहापट. आतडे बिघडल्यामुळे ज्यांची हाडे कमकुवत राहिली आहेत, अशा मुलांना हे धान्य विशेष उपयोगी. केवळ तांदळावर राहिलेल्या मुलाला चोथा, लोह व प्रथिने कमी पडतात. म्हणून नाचणी, ज्वारी, बाजरी, राळे, ज्याला इकडे नवणे म्हणतात, आणि डाळी यांचा फेर चालू राहिला पाहिजे.

थालीपीठ हे मराठी घराचे लाडके. परंतु पुष्कळ घरांच्या भाजणीत मूठभर गहू असतोच. तो वगळून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने व जिरे भाजून दळले तर चवीत फरक कळत नाही. कानडी अक्की रोट्टी ही त्याची सख्खी बहीण: तांदळाच्या पिठात शेपू, कांदा, मिरची, ओले खोबरे घालून तव्यावरच थापलेली. एका रात्री थालीपीठ आणि दुसऱ्या रात्री अक्की रोट्टी झाली की ‘बिनगव्हाचे’ हा शब्द जेवणाच्या बोलण्यातून आपोआप गळतो. आणि एक मोठी पुंजी तर मराठी घरात पूर्वीपासून आहे, तिच्याकडे या दृष्टीने कोणी पाहिलेले नसते. ती म्हणजे उपासाचे पदार्थ. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणा यांत ग्लुटेन नाही. आषाढी एकादशीला त्या मुलाचे ताट आणि साऱ्या आळीचे ताट एकच असते. राजगिऱ्याचे पीठ तेवढे बाजारातून उघडे आणू नये, कारण तेही गव्हाच्या चक्कीतून निघालेले असू शकते.

डबा आणि सण

शाळेचा डबा ही निराळीच परीक्षा. सकाळी सात वाजता लुसलुशीत असलेली भाकरी दुपारी बारा वाजता कडक होते. फुललेले पिष्ट थंड होताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतात, म्हणून. मुलगा डबा तसाच परत आणतो, आणि आईला वाटते त्याला भूक नाही. डब्यासाठी वेगळे पदार्थ हवेत. इडली येथे उत्तम ठरते. भिजवलेल्या तांदूळ-उडदाच्या पिठात ल्युकोनॉस्टॉक या वर्गाचे जिवाणू रात्रभर कार्बन डायॉक्साइड वायू तयार करतात आणि उडदातील प्रथिने व बुळबुळीत द्रव्य ते बुडबुडे धरून ठेवतात. पावात जे ग्लुटेन करते तेच इडलीत उडीद करतो. तांदळाच्या पातळ पिठाचे, न आंबवलेले नीर दोसे घडी घालून ठेवले तर दुपारपर्यंत मऊ राहतात, आणि त्यांत बटाट्याची भाजी गुंडाळता येते. अक्की रोट्टीच्या पिठात थोडा मऊ भात कालवला तर तीही लवकर कडक होत नाही. उरलेल्या भाकरीची फोडणी घातलेली, लिंबू पिळलेली भाकरी हा मुलीचा आवडता पदार्थ ठरला तर नवल नाही. डबा थोडा अधिक भरावा, कारण शाळेत मुले एकमेकांचे खातात. आपल्या मुलाने दुसऱ्याच्या डब्यातले घ्यायचे नाही, पण द्यायला काही हरकत नाही, आणि देणाऱ्याला कोणी बिचारा म्हणत नाही.

सणांत गुढीपाडवा अवघड, कारण महाराष्ट्रात पुरणपोळी आणि त्याच दिवशी कर्नाटकात उगादीची होळिगे. पुरण तेच ठेवून वरची पारी तांदळाच्या उकडीची केली तर वाफवलेले गोड कडबू होतात. कानडीतही त्यांना कडुबुच म्हणतात. गणपतीचे उकडीचे मोदक, दिवाळीतील अनारसे, बेसनाचे लाडू, तांदूळ व डाळींच्या भाजणीची चकली ही सर्व मुळातच निर्धोक. करंजी आणि शंकरपाळे मात्र सोडून द्यावेत. त्यांची नक्कल जमत नाही, आणि वाईट करंजी खाऊन चांगल्या करंजीची आठवण काढण्यात सुख नाही. वाढदिवसाचा केक त्यामानाने सोपा आहे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. केकला पावाइतके ग्लुटेन लागतच नाही; त्याचा हलकेपणा फेटलेल्या अंड्यातील हवेने व पिष्टाने येतो. तांदळाच्या व नाचणीच्या पिठाचा, कोको घातलेला केक पाहुण्या मुलांपुढे ठेवला तर त्यांतील कोणालाही तो वेगळा आहे हे सांगावे लागत नाही. जे अंडी खात नाहीत त्यांनी दही व खाण्याचा सोडा वापरावा आणि केक थोडा दाटच होईल हे धरून चालावे.

रविवारी बाहेर जायचे झाल्यास उभ्याने खाण्याच्या ज्या दर्शिनी नावाच्या खाणावळी शहरभर आहेत, तेथे वाफवलेली इडली आणि चटणी हीच त्यातल्या त्यात बरी. सांबार हिंगामुळे टाळावे. मेदूवडा उडदाचा असला तरी कढई कोणाकोणाची आहे ते विचारावे. डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. विचारायला संकोच वाटतो, आणि पहिल्या काही वेळी उत्तर देणाऱ्याला प्रश्नच समजत नाही. ‘गोधी, मैदा, रवे बेडा’, म्हणजे गहू, मैदा, रवा नको, एवढे कानडी पुरते.

पथ्य नीट पाळले तर मुलाचे जुलाब बहुधा काही आठवड्यांत थांबतात, वजन वाढू लागते, मग उंची. रक्तातील प्रतिपिंडे उतरायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षे. आतड्याची लव पुन्हा उगवते, पण तिलाही वेळ लागतो. दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागते, आणि प्रतिपिंडे उतरली नाहीत तर घरात कोठे तरी गहू शिल्लक आहे असे समजून पुन्हा डबे उघडून पाहावे लागतात.

एक गोष्ट मात्र हे सारे करण्याआधीची आहे. सीलिअ‍ॅक रोग असलेल्या मुलाच्या भावंडांना व आईवडिलांना तो असण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो कोणतेही लक्षण न दाखवताही असू शकतो. रक्ताची तपासणी गहू खात असतानाच खरे सांगते. गहू सुटून काही महिने लोटले की प्रतिपिंडे उतरतात व रोग असूनही तपासणी निर्दोष येते. म्हणून निदान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कणकेचा डबा रिकामा करण्याची घाई करू नये. मुलाचे पथ्य लगेच सुरू करावे, त्याचे अन्न काही दिवस जपून वेगळे शिजवावे. परंतु दहा वर्षांच्या बहिणीचे आणि आईवडिलांचे रक्त तपासून झाल्यावरच घरातला गहू बाहेर काढावा. बहिणीची तपासणी आज निर्दोष आली तरी पुढे काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागेल, आणि तेव्हा ती पोळी खाणारी असली पाहिजे. तिने मैत्रिणीच्या घरी पोळी खाल्ली तर घरात कोणी रागावू नये. मात्र घरी येताच हात धुवावेत.